बिनतारेचा लाल फोन

दुपारचे बारा वाजून गेले होते आणि बोरवंडीच्या मठासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. ज्वारीची राखण टाकून माणसं आली होती, बाया पोरं कडेवर घेऊन आल्या होत्या, आणि सगळ्यांच्या नजरा एका लाल टेलिफोनवर खिळल्या होत्या. टेलिफोन पाटावर होता, पाट कांबळ्यावर, कांबळं बुवांच्या गादीशेजारी. फोनला झेंडूची माळ आणि डोक्यावर बुक्क्याचा टिळा. कुठल्याही सरकारी कचेरीत धूळ खात पडलेला असतो तसलाच तो फोन, पण त्याला तार नव्हती. निदान कुणाला दिसत नव्हती. गाव वेडं झालं होतं ते त्यापायी.

आदिनाथबुवा दिवाळीनंतर गावात आले होते. कुठून आले ते कुणी विचारलं नाही, कारण दाढी भरघोस होती आणि आवाज खर्जातला. दत्तजयंतीच्या दिवशी त्यांनी हा फोन मांडला आणि तेव्हापासून नाथ रोज दुपारी सव्वाबाराच्या सुमारास त्यांच्याशी बोलू लागले. नाथ वेळेचे पक्के होते. फक्त बुधवारी ते मौन पाळत, कारण बुधवारी शेजारच्या गावचा बाजार असे आणि ऐकायला कुणी नसे.

"दिल्लीला फोन लावायचा म्हनलं तर आधी जामखेड, मंग नगर, मंग मुंबई," बुवा सांगत होते. "मधी धा ठिकानी धा जन कान लावून बसल्याले. आपल्या फोनला मधी कुनी न्हाई. हितनं उचलला की थेट वर."

लोक हसले, हात जोडले, आणि तेवढ्यात पाटावरचा फोन वाजला. नेहमीसारखा खणखणीत नाही. टिंग... टिंगटिंग... टिंग... असा अडखळत, दबक्या आवाजात. पुढच्या रांगेतल्या बाया धाडकन आडव्या झाल्या. बुवांनी डोळे मिटून रिसीव्हर उचलला, दोनदा मान डोलावली आणि समोर बसलेल्या दगडाबाईच्या कानाला लावला. म्हातारीचे डोळे मोठे झाले आणि ती तिथंच रडायला लागली.

गर्दीच्या मागं, कडुनिंबाखाली, यशोधरा साळवे उभी होती. ती गावातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायची आणि जामखेडहून रोज एसटीनं यायची. मधल्या सुट्टीत ती इथं आली होती ती नाथांसाठी नव्हे. सातवीतली दिपाली चार दिवस वर्गात नव्हती, आणि आत्ता ती बुवांच्या गादीशेजारी कपाळभर भस्म लावून बसलेली दिसत होती.

दिपालीला फिट यायची. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे ते एप्रिलात उगवायचे, आणि पोरगी आजीजवळ, या दगडाबाईजवळ राहायची. दगडाबाईकडे घड्याळ नव्हतं, असतं तरी तिला ते वाचता आलं नसतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी यशोधरानं दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून एक साधी युक्ती केली होती. गोळ्यांची डबी शाळेच्या कपाटात ठेवायची. सकाळी प्रार्थनेची घंटा झाली की एक गोळी, संध्याकाळी शाळा सुटायची घंटा झाली की दुसरी. सुट्टीच्या दिवशीच्या गोळ्या आजीच्या पदराला बांधून द्यायच्या, आणि शिपाई बजरंग शाळेशेजारीच राहायचा, तो रविवारीसुद्धा दोनदा टोल द्यायचा. दोन वर्षांत पोरीला एकही फिट आली नव्हती. म्हणजे चार दिवस शाळा बुडाली तर चार दिवस गोळी बुडाली, हा हिशेब यशोधराला उभ्याउभ्या झाला.

बुवांनी नाथांचा निरोप मोठ्यानं सांगितला. पोरीच्या अंगात रोग नाहीच, नाथांची वाट आहे, ती गोळ्यांनी बुजवून टाकली आहे. गोळ्या बंद. येत्या सोमवती अमावस्येला, भर दुपारी, नाथ पोरीच्या अंगात उतरतील आणि सगळ्या गावाशी बोलतील.

यशोधराला संताप आला तो या शेवटच्या वाक्यावर. फिटची गोळी एकदम थांबवली की फिट दुप्पट जोरानं येते, कधीकधी माणूस त्यातून उठत नाही, हे डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं. बुवांना ते ठाऊक असावं किंवा नसावं, पण पोरगी आठ दिवसांत केव्हातरी पडणार आणि सर्वांसमोर हातपाय झाडणार एवढं त्यांना नक्की ठाऊक होतं. पोरीला फिट यावी यावरच त्यांची अमावस्या उभी होती.

गर्दी पांगल्यावर तिनं दगडाबाईला वाटेत गाठलं. बरंच समजावलं. म्हातारी ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली की बाई, तुमी शिकल्या सवरल्या, पण म्या माझ्या कानानं ऐकलंय.

"काय ऐकलं, आजी?"

"आदी कट्‌ कट्‌ कट्‌ कट्‌. मंग बारीक शीळ, लांबलचक. मंग दुसरी जाड शीळ, दोगी भांडल्यावानी. अन् मंग सूंऽऽ करून, पत्र्यावर पाऊस पडतोय जनू. मान्साच्या तोंडाचा आवाज न्हवं त्यो."

यशोधरा जागच्या जागी थांबली. हा आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता, आणि असाच आवाज आमच्या शाळेतही आहे असं ती म्हातारीला म्हणालीही. गेले आठ महिने ती तो जवळजवळ रोज ऐकत होती, आणि गेला महिनाभर त्यापायी तिनं डोक्याला हात लावला होता.

त्याचं असं झालं होतं. संदीप नावाचा शाळेचा एक माजी विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. त्यानं शाळेला एक जुना संगणक दिला, सोबत मोडेम नावाची पुस्तकाएवढी डबी दिली. टेलिफोनच्या तारेवरून संगणकाला इंटरनेटशी जोडायचं काम ही डबी करते, आणि जोडताना किंचाळते. संदीपनं त्यात एक प्रोग्रॅमही घालून दिला. परदेशातल्या एका विद्यापीठाकडे मोठमोठ्या दुर्बिणींनी टिपलेला आकाशातल्या रेडिओ लहरींचा ढीग होता. त्यात कुणाचा संदेश दडला आहे का हे तपासायचं होतं, आणि काम एवढं होतं की एका संगणकाच्या आवाक्यातलं नव्हतं. मग त्यांनी त्याचे बारीक तुकडे केले आणि जगभरच्या लोकांना हाक दिली, की तुमचा संगणक रिकामा असेल तेव्हा आमचा एक तुकडा तपासून द्या. लाखो लोक फुकट देत होते. बोरवंडीची शाळाही देत होती. रोज सव्वाबाराला संगणक आपोआप फोन लावायचा, झालेला तुकडा परत करायचा, नवा घ्यायचा. जगाच्या यादीत शाळेचा नंबर एकेचाळीस हजारांच्या घरात होता, आणि सातवीची पोरं तो पाढ्यासारखी पाठ म्हणायची.

पण महिन्याभरापासून सगळं अडलं होतं. मोडेम फोन लावी, किंचाळे, जोडणी होईहोईतो तुटे. पाच मिनिटांनी पुन्हा लावी, पुन्हा तुटे. यशोधरानं केबल बदलली, प्लग घासूनपुसून बसवला, प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. फरक शून्य. हेडमास्तर रंभाजी ढवळे म्हणाले, उंदराचं काम असेल. बजरंगनं तर डबीपुढं उदबत्ती लावली होती, ती तिनं विझवून त्याच्याच हातात दिली होती.

आता तिला वाटलं की आपला बिघाड आणि बुवांचा चमत्कार एकाच वेळी सुरू झाले, एकाच वेळी वाजतात आणि एकसारखेच वाजतात, तर ते दोन नसावेत. तरी तिनं घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी जामखेडच्या बूथवरून तिनं संदीपला फोन केला.

संदीप म्हणाला, "बाई, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. मोडेम स्वतःची डायरी लिहितो, कधी लावला, कधी तुटला. ती आधी बघा. मला तर वाटतंय तुमच्या लाईनवर कुणीतरी दुसरा रिसीव्हर उचलतंय."

तिनं डायरी उघडली. महिनाभर रोज सव्वाबाराला सुरुवात, रोज पंधरावीस सेकंदांत तुटलेली. फक्त बुधवारी काम सुरळीत. पाचही बुधवारी एका झटक्यात जोडणी, तुकडा परत, नवा तुकडा हजर. नाथांचं मौन पाळायला मोडेमनं कधी शिकून घेतलं, असा प्रश्न तिला पडला आणि ती एकटीच हसली. पुढचा दिवस बुधवारच होता. ती संगणकासमोर बसून राहिली. सव्वाबाराला फोन लागला आणि एकदाही तुटला नाही.

गुरुवारी ती शाळेबाहेरच्या टेलिफोनच्या खांबाखाली जाऊन उभी राहिली. तार खांबावरून शाळेत येत होती. आणि खांबाच्या मागच्या बाजूनं दुसरी एक काळी तार उतरत होती, कडुनिंबाच्या बुंध्याला धरून जमिनीत शिरत होती. तिचं तोंड मठाकडे होतं.

ती थेट हेडमास्तरांच्या खोलीत गेली. ढवळे सर माणूस वाईट नव्हते, फक्त भित्रे होते. फोन वापरला जाऊ नये म्हणून तो लाकडी पेटीत घालून पेटीला कुलूप लावणारे. तारेचा विषय निघताच त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग हळूहळू बाहेर आलं. सहा वर्षांपूर्वी शाळेला फोन मिळाला तेव्हा गावात दुसरा फोन नव्हता. सरपंचांच्या शब्दावरून मठातल्या जुन्या पुजाऱ्याला पॅरलल दिला होता, एक लाईन आणि तिच्यावर दोन फोन. पुजारी वारला, त्यांना वाटलं फोन गेला. तार काढायची राहून गेली.

"साहेबांना कळलं तर माझी पेन्शन अडकंल, बाई," ते म्हणाले. "कुनाला सांगू नका."

यशोधरानं त्यांना सांगितलं की पोरीचा जीव अडकलाय, पेन्शनचं नंतर बघू. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत, आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं.

इथं यशोधराच्या हातून एक चूक झाली. तिला वाटलं, देवाची वेळ चुकवली की गावाचे डोळे उघडतील. शुक्रवारी तिनं संगणकातली वेळ सव्वाबाराची दोन केली आणि मठासमोर जाऊन उभी राहिली. साडेबारा झाले, एक वाजला, फोन मुका. लोक चुळबुळायला लागले. आता बुवांचं पितळ उघडं पडणार म्हणून ती वाट बघत होती. पण पोट भरायला देवाचं नाव घेणाऱ्याजवळ सबबींचा तुटवडा नसतो. बुवांनी डोळे उघडले, दिपालीकडे बोट केलं आणि म्हणाले की नाथ रुसलेत, पोरीला कुणीतरी चोरून गोळी दिली आहे.

बुवांनी दगड अंधारात मारला होता, पण ते खरं होतं. मंगळवारी न राहवून यशोधरानं दिपालीला एक गोळी गुपचूप दिली होती. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. गर्दीनं वळून बाईंकडे पाहिलं.

बुवा म्हणाले, "ज्याला देवच मान्य न्हाईत, त्याला देवाचा कोप काय कळनार?" यशोधरा बौद्ध आहे हे गावात सर्वांना माहीत होतं, बुवांनी ते नाव न घेता सर्वांच्या डोक्यात घातलं. दगडाबाईनं हात जोडून सांगितलं की बाई, आता आमच्या दाराला येऊ नका.

ती शाळेत परत आली आणि वर्गात फळ्याकडे तोंड करून जरा वेळ उभी राहिली. पोरांना वाटलं बाई गणित लिहिणार आहेत. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. अर्धा प्रयोग केला होता तिनं. देव गप्प का बसला याचं उत्तर शंभर जण शंभर तऱ्हांनी देतील. देवाला बोलतं कोण करतं, हे दाखवायला हवं होतं.

शनिवारी सकाळी दिपालीला फिट आली. चुलीशी भाकरी थापत होती, तशीच पुढं कलंडली. शेजारच्या बनुबाईनं ओढून काढलं म्हणून तोंड वाचलं, पण उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. बनुबाई सरपंचांची आई, मठाची सगळ्यात जुनी भक्त. तिनंच पोरीला आणि दगडाबाईला बैलगाडीत घालून आधी मठात नेलं. बुवांनी हात बघितला, भस्म लावलं आणि सांगितलं की हा नाथांचा शिक्का आहे, सोमवारी काम पक्कं.

तासाभरानं दगडाबाई शाळेच्या पायरीवर उभी होती. पोरगी तिच्या खांद्यावर होती.

"बाई, माझ्या लेकराचा हात जळला अन् त्यो म्हनतोय शिक्का," ती म्हणाली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं. "मला त्यो आवाज दावा. तुमी म्हनला हुता ना तुमच्याकडं बी हाय."

यशोधरानं आधी दवाखाना केला. डॉक्टरांनी हात बांधला, गोळी पुन्हा सुरू केली आणि म्हातारीला असं झापलं की ती खाली मान घालून ऐकत राहिली. परतल्यावर तिनं दगडाबाईला संगणकासमोर बसवलं, तिचं बोट धरून बटणावर ठेवलं आणि म्हणाली, दाबा. म्हातारीनं दाबलं. डबीतून कट्‌ कट्‌ कट्‌ कट्‌ आलं, बारीक शीळ आली, जाड शीळ आली, पत्र्यावरचा पाऊस आला.

दगडाबाईनं डबीला हात लावून पाहिला. मग तिनं विचारलं की म्हंजी माझ्या बोटानं बी नाथ बोलत्यात का. यशोधरानं तिला सगळं सावकाश सांगितलं. एका तारेवर दोन फोन आहेत. इथून नंबर लावताना तारेत एकेका आकड्याचे झटके जातात आणि दुसऱ्या फोनची घंटी त्या झटक्यांनी हलते, म्हणून ती अडखळत वाजते. बुवा रिसीव्हर उचलतात तेव्हा तुम्हाला मोडेमचं किंचाळणं ऐकू येतं, आणि त्यांनी उचलला म्हणूनच आमची जोडणी तुटते. म्हातारीनं दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग ती म्हणाली की हे गावाला तुमी सांगू नका. म्या सांगती.

सोमवती अमावस्येला मठासमोर जत्रा भरली. बुवांनी नवी भगवी कफनी घातली होती. मठाच्या ओट्यावरून शाळेची खिडकी समोर दिसायची, आणि त्या खिडकीत आज बजरंग बसला होता. यशोधरानं त्याला सकाळपासून तीनदा पाठ म्हणायला लावला होता. संगणकाची आपोआप फोन लावायची सोय तिनं बंद करून ठेवली होती. हेडमास्तरांनी फोनच्या पेटीचं कुलूप उघडून दिलं होतं.

सव्वाबारा होऊन गेले. फोन वाजेना. दिपाली आली नाही म्हणून बुवा आधीच अस्वस्थ होते. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत दगडाबाई एकटीच ओट्यावर चढली आणि लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

"नाथ आज माझ्याशी बोलनार हाय," ती म्हणाली. "म्या पदर हालवला की बोलंल. किती बारी बोलवू? बनुबाय, तू सांग."

बनुबाई गोंधळली. तीनदा, ती म्हणाली.

दगडाबाईनं पदर हलवला. टिंग... टिंगटिंग... टिंग. गर्दीत कुजबुज झाली. घंटी थांबेपर्यंत तिनं वाट पाहिली आणि पुन्हा हलवला. पुन्हा टिंगटिंग. आता पुढच्या रांगेतल्या बाया आडव्या व्हाव्यात की न व्हाव्यात या पेचात पडल्या. बुवा उठले आणि म्हणाले की म्हातारीच्या अंगात नाथ आलेत, माघारी व्हा. दगडाबाईनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिसऱ्यांदा पदर हलला आणि फोन वाजला, तसा तिनं रिसीव्हर उचलून लोकांसमोर धरला. पुढच्या दहाबारा जणांना किंचाळणं स्पष्ट ऐकू आलं.

मग आवाज थांबला. बजरंगला संगणकाच्या खोलीतून हेडमास्तरांच्या खोलीत पळत जाऊन पेटीतला फोन उचलायचा होता. ते मिनिट यशोधराला फार लांब वाटलं. बुवांनी ती संधी सोडली नाही. बघा, बाटवल्यामुळं नाथ निघून गेले, असं ते म्हणाले, आणि दोनचार माणसं मान हलवायला लागली. दगडाबाई रिसीव्हर धरून तशीच उभी होती. एकाएकी तिनं तो बनुबाईच्या कानाला लावला.

बनुबाईनं ऐकलं. तिचं तोंड उघडं राहिलं.

"ह्यो तर बजरंग हाय," ती म्हणाली. "म्हनतोय, सुट्टी संपली, घंटा देऊ का?"

मग मागं कुणीतरी फुसकन हसलं आणि हसू रांगेरांगेनं पुढं आलं. बुवा म्हणाले की नाथांनी बजरंगचा आवाज धारण केलाय. त्यावर एक जण म्हणाला, नाथांना दुसरं चांगलं माणूस मिळालं नाही का. बजरंगला गावात सगळे ओळखत होते.

दगडाबाई खाली वाकली आणि तिनं पाट उचलला. दत्तजयंतीपासून त्या पाटाला कुणी शिवलं नव्हतं. पाटाला मधोमध भोक होतं. फोनच्या पोटातून निघालेली तार त्या भोकातून खाली गेली होती, कांबळ्याखालून शेणानं सारवलेल्या जमिनीत शिरली होती आणि भिंतीतून बाहेर पडून कडुनिंबाकडे गेली होती. म्हातारीनं ती हातात धरून ओढली. सारवण उकलत गेलं, तसतशी तार लोकांसमोर वर येत गेली, थेट झाडापर्यंत.

मग यशोधरा पुढं आली. ती फार बोलली नाही. एक लाईन, दोन फोन, झटके आणि घंटी, हे तिनं चार वाक्यांत सांगितलं. हेडमास्तर ढवळे गर्दीतून उठले आणि तार आपणच दिली होती असं सर्वांसमोर म्हणाले. त्यांनी नोकरीत केलेलं हे बहुधा एकमेव धाडस. बुवा फोन करायच्या एका बूथवर चार वर्षं कामाला होते, हे पुढं त्यांच्याच एका नातेवाइकाकडून कळलं. कुठल्या झटक्यानं कुठली घंटी हलते हे त्यांना तपश्चर्येनं समजलेलं नव्हतं.

"आमचा संगणक आठ महिने आकाशातला आवाज तपासतोय," यशोधरा शेवटी म्हणाली. "जगातले लाखो लोक तपासतायत. आजवर कुणाचाही निरोप सापडलेला नाही, आणि तो प्रोग्रॅम रोज तसं लिहून कळवतो. या बुवांना दीड महिन्यात सापडला. कोण खरं बोलतंय ते तुम्हीच ठरवा. पण पुढच्या वेळी कुणी म्हणालं की देव बोलतोय, तर एकदा पाट उचलून बघा. आणि पोराची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय."

बुवा दुपारच्या एसटीनं गेले. कफनी पिशवीत घालून, साध्या शर्टात. पोलिसात तक्रार द्यायला दगडाबाई स्वतः गेली, आणि पोरीचा बांधलेला हात ठाणेदारासमोर धरून उभी राहिली.

गाव एका दिवसात सुधारलं असं मात्र कुणी समजू नये. दुसऱ्याच दिवशी दोन बाया नारळ आणि हळदकुंकू घेऊन शाळेत आल्या. खरा नाथ त्या डबीत आहे असं त्यांचं ठाम मत झालं होतं. यशोधरानं कपाळावर हात मारला, नारळ फोडून खोबरं पोरांना वाटलं आणि त्या दोघींना बाकावर बसवून डबीचं झाकण उघडून दाखवलं. आत एक हिरवी पट्टी आणि बोटभर धूळ होती. एकीला पटलं. दुसरी अजून चपला बाहेर काढून ठेवते.

काळी तार कापून टाकल्यावर मोडेमनं पुन्हा कुरकुर केली नाही. मागे पडलेलं काम भरून निघालं, शाळेचा नंबर चाळीस हजारांच्या आत आला. दिपाली डाव्या हातानं लिहायला शिकली, मग उजवा बरा झाला. डाग राहिला, तो जाणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

एका सकाळी दगडाबाई नातीला सोडायला आली आणि संगणकाच्या खोलीच्या दारात रेंगाळली. काही गवसलं का वरचं, तिनं विचारलं. यशोधरा म्हणाली, अजून नाही.

"न्हाई गवसलं तर न्हाई म्हनायचं," म्हातारी म्हणाली. "त्या मुडद्याला येवढं बी जमलं न्हाई."

बाहेर बजरंगनं प्रार्थनेची घंटा दिली. दिपालीनं कपाटातली गोळ्यांची डबी काढली, भाजलेल्या हातावर गोळी ठेवली आणि पाण्यासाठी आजीकडे बघितलं. दगडाबाईनं तांब्या पुढं केला आणि गोळी गिळेपर्यंत ती तिथून हलली नाही.